चौसष्ट जीबीची आवराआवर

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ८.१०
आजपासून फोनची आवराआवर. रोज तारीख टाकून लिहितो, म्हणजे किती दिवसांत झालं ते कळेल. अंदाज चार दिवस. पाच धरू.

सद्यस्थिती: एकूण जागा ६४ जीबी. भरलेली ६३.६. फोटो ११,२१८, व्हिडिओ ३०७.

कारण असं झालं की काल लेकीने सोनोग्राफीचा फोटो पाठवला, तो उघडेना. फोन म्हणतो, जागा नाही. लेकीला तसं कळवलं. ती म्हणाली, बाबा, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आजोबा होणार आहात, ते तरी कळू द्या तुमच्या फोनला. बाळाचं पहिलं दर्शन तुम्हाला पाठवणार आहे, सासूबाईंच्याही आधी. तोवर जागा करा, नाहीतर काय पोस्टाने पाठवू? मी म्हटलं, चार दिवसांचं काम आहे.

आणि आहेच. पंपांच्या कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअर सांभाळतोय. साडेनऊ हजार प्रकारचे सुटे भाग. कुठला वॉशर कुठल्या खणात, ते डोळे झाकून सांगतो. तिथे फोटोंची काय कथा?

ही गेल्याला सात महिने झाले. या कामाचा त्याच्याशी संबंध नाही. हा साठ्याचा प्रश्न आहे.

३ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळ
दोनशे पानी वही आणली. रकाने: अनुक्रमांक, तारीख, कोड, वर्णन, अवस्था, निर्णय. कोड ठरवले. क म्हणजे कुटुंब, ल लग्न (लेकीचं, गेल्या मे महिन्यातलं), ब बिलं, द दवाखाना, इ इतर. साठ पानांवर रकाने आखून झाले. फोटो आज एकही पाहिला नाही. पण पाया भक्कम झाला.

५ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळी ७.३०
स्टोअरचा पहिला नियम: जुना माल आधी बाहेर. तोच लावायचा.

सगळ्यात जुना फोटो चार वर्षांपूर्वीचा. फोन घेतला त्या दिवशी दुकानात हिने कॅमेरा चालतो का ते बघायला काढलेला. माझा डावा कान आणि काउंटरचा कोपरा. अवस्था: हललेला. निर्णय: राखीव.
दुसरा फोटो, तोच कान. राखीव.
तिसऱ्यात हिचा अंगठा भिंगावर आलाय. सगळं लालसर दिसतं, कडेला उजेड. राखीव.

दोन तासांत सव्वीस फोटो झाले. सगळे राखीव. विचाराअंती असं दिसतं की जुना माल आधी हा नियम नाशवंत मालाला आहे. रबरी सील, ग्रीस वगैरे. फोटो नाशवंत नाहीत. नियम स्थगित.

९ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ४
सोप्याकडून सुरुवात करायला हवी होती, ही चूक कळली. आज ‘इतर’. त्यात सकाळच्या शुभेच्छांची फुलं निघाली. मोजून ११४० नग. गुलाब, कमळ, कपातून वाफ निघणारा चहा. पाठवणाऱ्याप्रमाणे वेगळी केली. मेहुण्याची ३१०. बाकी सगळी हिची. ही स्वयंपाकघरातून पाठवायची आणि मी बाहेरच्या खोलीत बूट घालत असायचो. मी एकदा विचारलंही होतं की हाक मारली तर काय होतं. म्हणाली होती, हाकेला तुम्ही ओ देता, फुलाला निदान बघता तरी.
हिची राखीव. मेहुण्याची रद्द.

रद्द करताना नियम पाळला. स्टोअरमध्ये कुठलाही माल भंगारात काढण्याआधी त्याचा फोटो काढून पुरावा ठेवावा लागतो. त्याप्रमाणे प्रत्येक फुलाचा स्क्रीनशॉट घेतला, मगच पुसलं. ३१० पूर्ण. अंगठा दुखतोय.
सकाळी ६३.६ होतं. आता ६३.८. फोनमध्ये बिघाड दिसतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार
सुटल्यावर कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात गेलो. दुकानातल्या बाई हुशार आहेत, पण थट्टेखोर. फोन हातात घेऊन त्यांनी दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाल्या, काका, फोटो पुसण्याआधी तुम्ही त्या फोटोचा फोटो काढताय. मी म्हटलं, ती पद्धत आहे. कोणाची, म्हणाल्या. माझी, म्हटलं. मग त्या म्हणाल्या, मग फोन बिचारा काय करणार, तुम्ही पोतं रिकामं करून त्याच पोत्यात भरताय.

स्क्रीनशॉट त्यांच्यासमोरच पुसले. तेवढा मोकळेपणा माझ्यात आहे.

म्हणाल्या, फोन उद्यापर्यंत ठेवून जा, सगळं कार्डवर टाकून देते, फोन लखलखीत. मी नाही म्हटलं. निवड न झालेला माल पोत्यात कोंबून गोदाम बदलायचं नसतं. शिवाय उद्यापर्यंत फोन नसला तर अडचण होते. लेकीचा फोन येऊ शकतो. बाई म्हणाल्या, काकू गेल्यापासून तुम्ही फारच शिस्तीचे झालात. मी म्हटलं, मी पहिल्यापासून असाच आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळ
चूक कुठे होते ते सापडलं. स्टोअरमध्ये एकट्याच्या सहीने काहीही भंगारात जात नाही. दोन सह्या लागतात. घरातही आजवर तसंच होतं. पंखा बदलायचा की नाही, इथपासून. त्यामुळे एकट्याने निर्णय अडतात. हा दोष माझा नाही, व्यवस्थेचा आहे.

दुसऱ्या सहीसाठी मेहुण्याला बोलावलं. हिचा धाकटा भाऊ, दोन गल्ल्या सोडून राहतो. चाळीस फोटोंची यादी समोर ठेवली. तो म्हणाला, भावजी, आणा इकडे, डोळे मिटून चाळीस सह्या ठोकतो, मला जेवायला जायचंय. मी म्हटलं, प्रत्येक वस्तू पाहून सही करायची. मग बसला.

क्रमांक चार, गळणारा नळ. हा जाणार हे नक्की होतं. मेहुणा म्हणाला, अहो, हा तर ताईने केसांचं रबर बांधलेला नळ. प्लंबर आला तेव्हा गळती थांबलेली. ताई त्याला म्हणाली, आता आलाच आहेस तर चहा तरी घे. मग बोलता बोलता मेहुणा नळावरून गाडीवर गेला, गाडीवरून ताईने लहानपणी त्याची पाटी विहिरीत टाकली होती तिथवर. यादी चारवरच थांबली. जेवायला गेलाच नाही. जाताना म्हणाला, भावजी, हा नळ मला पाठवा. आणि तो लाल अंगठाही. आणखी काही दाखवले, तेही. एकूण एकोणीस पाठवले, त्यात व्हिडिओ सात.
सह्या: शून्य.
पाठवलेल्याची एकेक प्रत फोनमध्ये वेगळी राहते म्हणे. साठा ६३.८.

२३ फेब्रुवारी, रविवार
लेकीचा फोन. कुठवर आलंय विचारलं. म्हटलं, वर्गीकरण अंतिम टप्प्यात आहे. ती म्हणाली, बाबा, तीन आठवडे झाले, तुम्ही फोन आवरताय की जनगणना करताय? जावयांनी मागून काहीतरी सांगितलं. मग म्हणाली, आईच्या हॉस्पिटलचे रिपोर्ट आहेत ना तुमच्याकडे, दोनशे तरी असतील. ते पुसा. ते कोण बघणार आहे आता?

२०६ आहेत. मी म्हटलं, ते कायदेशीर कागद आहेत, पाच वर्षं ठेवावे लागतात. कोणत्या कायद्याने, म्हणाली. मी म्हटलं, पाहून सांगतो.
मग म्हणाली, बाबा, जेवता ना नीट? जेवतो, म्हटलं.

जावयांनी कुरियरने मेमरी कार्ड पाठवलं होतं, ते ड्रॉवरमध्ये आहे. निवड झालेला मालच त्यावर चढवायचा. आजवर निवड झालेला माल: काही नाही.

२ मार्च, रविवार. सकाळी ९
आज ‘बिलं’. हा विभाग सगळ्यात नीट आहे. मी दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी फोनमधले कागदांचे सगळे फोटो उचलतो आणि तारखेप्रमाणे त्या त्या महिन्याच्या फोल्डरमध्ये लावतो. दहा मिनिटांचं काम. एकेक उघडत बसायची गरज नसते. कागद दिसला की बिल. गेल्या वर्षापर्यंतची बिलं बिनधास्त जातील. ३०० एमबी तरी सुटतील. आज निकाल लागणार.

त्याच दिवशी, ११.४०
गेल्या वर्षीचा एप्रिल. फोटो पाच. वीज, पाणी, गॅस, फोन.
पाचवा १९ एप्रिलचा. रक्ताच्या तपासणीचा रिपोर्ट. हिच्या नावाचा. जेवणाच्या टेबलावर ठेवून वरून काढलाय, टेबलक्लॉथची निळी किनार दिसते. खाली छापलंय, तज्ज्ञ डॉक्टरांना त्वरित दाखवावे.
आम्ही डॉक्टरांकडे गेलो ते १२ जूनला.
कोड ब चुकीचा. खोडून द केला. बाकीची बिलंही आता एकेक उघडून पाहिल्याशिवाय पुसता येणार नाहीत.

९ मार्च, रविवार
आठवडाभर नोंद नाही. कारखान्यात व्याप होता.

गुरुवारी अडीच इंची गॅस्केट मागितली, मी तीन इंची दिली. फिटर परत घेऊन आला. म्हणाला, साहेब, एकतीस वर्षांत पहिल्यांदा तुमच्याकडून उलट माल आला, आज पाऊस पडणार. मी म्हटलं, खणावरची चिठ्ठी निघाली असेल. चिठ्ठी निघालेली नव्हती.

जूनच्या रिपोर्टमधले आकडे आणि एप्रिलचे आकडे वहीत शेजारी शेजारी लिहिले. आठ आठवड्यांत किती चढले ते कळतं. यातून काही ठरवता येतं का ते पाहतोय. म्हणून द विभागातलं काहीही तूर्त हलवता येणार नाही. तपासणी चालू आहे.

एक गोष्ट आठवली, ती नोंदवून ठेवतो. एप्रिलच्या शेवटी ही भाजी निवडत होती. अहो, या महिन्याची बिलं पाहिलीत का, असं विचारलं होतं. मी म्हटलं, लावली.

१५ मार्च, शनिवार. संध्याकाळी ६
मार्चचा तिसरा आठवडा उद्यापासून. आता धसमुसळेपणा केल्याशिवाय गत्यंतर नाही. लग्नाच्या विभागातले अनोळखी पाहुणे निवडले. जावयांच्या ऑफिसचे लोक, कोणाचे कोण. ४०० फोटो. पुरावा नाही, दुसरी सही नाही. एकदम निवडले आणि पुसले. झालं.
साठा पाहिला. ६३.८.

मोबाइलच्या दुकानात गेलो. बाई म्हणाल्या, काका, पुसलेलं आधी कचरापेटीत जातं, तीस दिवस तिथेच राहतं. पेटी रिकामी केलीत की जागा सुटेल. करू का? मी म्हटलं, थांबा, घरी जाऊन करतो. त्या म्हणाल्या, काका, कचराही घरी नेऊन टाकणारे तुम्ही पहिलेच.
तीस दिवस राहतं, ही सोय चांगली आहे. तिचं कौतुक करावं तेवढं थोडं.

१६ मार्च, रविवार. सकाळी १०
पेटी रिकामी करण्याआधी एकदा नजर टाकली. फक्त खात्रीसाठी.
२१७ व्या फोटोत चार पाहुणे ताटं घेऊन हसताहेत. मागे दाराजवळ ही उभी आहे. भिंतीला टेकून. नवी साडी, एक हात कमरेवर, डोळे मिटलेले. त्या दिवशी सगळ्यांना सांगत होती, पाय दुखतात हो, पळापळ किती झाली. मीही तेच सांगत होतो.
चारशेच्या चारशे परत आणले. आणखी कशात मागे उभी असेल ते पाहायला हवं.
दुपारपर्यंत नऊ सापडले. सातमध्ये टेकलेली आहे.

१८ मार्च, मंगळवार. दुपारी १२.१५
सकाळी ११.२० ला जावयांचा फोन. मुलगी झाली. दोघी ठणठणीत. जावई रडत होते आणि हसत होते, मला दोन वेळा ‘सर’ म्हणाले. स्टोअरमध्ये सगळ्यांना सांगितलं. फिटरने पाठीवर थाप मारली. म्हणाला, आजोबा, आता तरी तीन इंची देऊ नका.

पाठोपाठ लेकीचा मेसेज आला. बाबा, ही पहिली झलक फक्त तुम्हाला, अजून कोणालाही पाठवलेली नाही. खाली व्हिडिओ. एक धुरकट चौकोन आणि त्यावर गोल फिरणारी खूण. मग अक्षरं आली: पुरेशी जागा नाही.
चौदा सेकंदांचा आहे. ३८ एमबी हवेत.
जेवणाच्या सुट्टीत करतो.

त्याच दिवशी, १.५०
सुट्टी संपली. काय काढायचं ते ठरलं नाही. घाईत चुका होतात, हे मी इतरांना नेहमी सांगतो.

संध्याकाळी ६.३०
कान, अंगठा, फुलं, नळ, टेकलेली सात. एकेक पुन्हा पाहिलं. द विभाग उघडला आणि बंद केला. मेहुणा येऊन गेला. भावजी, कशी आहे भाची माझी, दाखवा की. नात म्हणायचं सोडून भाची म्हणाला, आनंदात त्याला नात्यांचं भान नव्हतं. मी म्हटलं, लेक झोपली असेल, तिला विचारून दाखवतो.
उद्या सकाळी ताज्या मनाने.

१९ मार्च, बुधवार. संध्याकाळी ५.४०
लेकीचा फोन आला. आवाज बसलेला होता, पण खुशीत. व्हिडिओ पाहिलात का, म्हणाली. मी म्हटलं, पाहिला. मग सांगा ना, कशी आहे? मी म्हटलं, गोड आहे. नाक अगदी तुझ्या आईचं.

ती म्हणाली, बाबा, नाक कुठे दिसलं तुम्हाला? त्यात नुसते पाय आहेत. चेहरा मी मुद्दामच दाखवला नाही. म्हटलं, चेहरा बघायला तरी घरातून बाहेर पडाल.

मी नेटवर्कचं काहीतरी सांगायला लागलो आणि मध्येच थांबलो. मग सगळं सांगितलं. दीड महिना झाला, एकही एमबी सुटला नाही. द विभाग पुसता येत नाही. त्यातला पहिला रिपोर्ट एप्रिलचा आहे आणि तो मी न वाचता बिलांत लावला. तुझ्या आईने विचारलं होतं पाहिलीत का, आणि मी लावली म्हटलं. आठ आठवडे गेले.

लेक म्हणाली, मला माहीत आहे तो रिपोर्ट. आईने हॉस्पिटलात सांगितलं होतं.

मग तिने सांगितलं ते असं. रिपोर्ट आला तेव्हा लग्नाला महिना होता. हिला लग्न निवांत पार पाडायचं होतं. कपाटात ठेवला तर लेकीला सापडला असता, पर्समध्ये ठेवला तर मेहुण्याला, तो सारखा किल्ल्या शोधत पर्स उपसतो. हिचा फोन लेकीच्याच हातात असायचा आणि लग्नानंतर रिपोर्ट लागणार तर होताच, म्हणून माझ्या फोनवर फोटो काढला आणि कागद फाडून टाकला. लेकीला म्हणाली, तुझ्या बाबांनी एकदा लावलं की ते ब्रह्मदेवालाही सापडत नाही. तरी धाकधूक होती म्हणून मला विचारलं. मी लावली म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला.

माझ्या पद्धतीबद्दल हिचं हे मत होतं. मला कधी बोलली नव्हती.

लेक रडत होती. म्हणाली, माझ्या लग्नापायी झालं ना ते, बाबा, मी कोणाला सांगू? तुम्हाला सांगायचं तर तुम्ही वही काढून बसलेले. म्हटलं, रडू नकोस, बाळ उठेल. ती म्हणाली, ती उठलेलीच आहे. मग मागून बारीक आवाज ऐकू आला. मांजराच्या पिल्लासारखा. आम्ही दोघंही तो थांबेपर्यंत ऐकत होतो.

जावयांनी फोन घेतला. म्हणाले, बाबा, रविवारी सकाळची बस पकडा, स्टँडवर मी येतो. मी बरं म्हटलं.

७.०५
द विभाग पुसला. २०७. नंतर कचरापेटी रिकामी केली. फोनने विचारलं, कायमचे पुसायचे का. हो म्हटलं. सगळं मिळून दीड मिनिट लागलं.
एप्रिलचा आधी वेगळा काढून ठेवणार होतो. दोनशे सातमध्ये तोही गेला.

७.१५
व्हिडिओ उघडला. लेक म्हणाली ते खरं आहे. नुसते पाय आहेत. डावा पाय उजव्यावर घासते, मग दोन्ही ताणते. बोटं मोजली, दहा आहेत. तीन वेळा पाहिला.
नाकाबद्दल आज काही लिहिता येणार नाही.